जमनाआजी आणि बसून राहिलेली फाइल

रबाळ्याच्या गावठाणात आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा ती खोली रिकामी नव्हती. ओट्याखाली, गवत घातलेल्या टोपलीत एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. माझ्या नवऱ्याने, अनिलने, सहज विचारलं, "ही टोपली बाहेर पडवीत ठेवली तर आम्ही रविवारी सामान आणू का?" घरमालकीण दारात उभी होती. आखूड नेसलेलं लाल लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, हातात मासळीची पिशवी. तिने अनिलकडे असं पाहिलं, जणू त्याने एखाद्या बाळंतिणीलाच घराबाहेर काढायला सांगितलं होतं.

"तिला उठवायची नाय," ती म्हणाली. "ती आपून उठल. तवा तुमी या."

आणि आम्ही खरोखरच थांबलो. पिल्लं निघाली, कोंबडी त्यांना घेऊन ऐटीत बाहेर पडली, मग आम्हाला निरोप आला. तोपर्यंत आम्ही अनिलच्या मावसभावाकडे भांडीकुंडी बांधून बसलो होतो. पोराला नवी मुंबईत जागा मिळायला एक कोंबडी आडवी आली, हे माझ्या सासूबाई पुढे कित्येक वर्षं साताऱ्याला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असत.

त्या घरमालकीणबाई म्हणजे जमनाआजी. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावरून थेट रस्त्यावरच्या पाववाल्याला गाठणारा. खाडीकडची त्यांची भातशेती सरकारने नवं शहर वसवायला घेतली. त्या पैशातून मुलाने जुन्या घराच्या जागी तीन मजले उभे केले आणि खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरू म्हणजे आमच्यासारखे, औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत कामाला आलेले, चार जिल्ह्यांतले लोक. आजींच्या लेखी आम्ही सगळेच लग्नघरी आलेले पाहुणे होतो. कोण काय खातो, कोण कुणाशी बोलत नाही, याची त्यांना पूर्ण कल्पना असायची.

पाहुणे सांभाळणं हा त्यांचा धर्मच होता, कारण त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. देवांना आवतण देण्यापासून नवरीला पाटावरून उठवण्यापर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, म्हणजे त्या त्या वेळेचं गाणं, आणि ते सगळे धवले आजींना पाठ होते. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी यायची. गाण्याइतकंच बोलावणं आणखी एका कामाला असे, ते म्हणजे रुसलेल्याला उठवणं.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. पावणे गावातल्या एका लग्नात नवरदेवाचा मामा मांडवाच्या खांबाला टेकून बसला आणि उठेना. त्याच्या आधी चुलत्याला फेटा बांधला होता. मुलीचा बाप हात जोडून थकला, दोन तरुणांनी "चल ना मामा, टेन्शन कशाला घेतोस" म्हणून त्याचे खांदे ओढून पाहिले. त्यावर मामाने खांबालाच मिठी मारली. आजी आल्या. त्यांनी पोरांना बाजूला केलं, मामासमोर स्वतः जमिनीवर फतकल मारली, ताटात पानाचा विडा आणि सुपारी ठेवली आणि विचारलं, "तुना काय मिलाला नाय, ता सांग." मामाने मान फिरवली. आजींना घाई नव्हती. त्या त्याच्यासमोर बसल्या, मग त्याच्या आईचं नाव गुंफून हळूच दोन ओळी गायल्या. मामाने डोळे पुसले, विडा उचलला आणि आपणहून उठला. फेटा नंतर बांधला, तोवर त्याला फेट्याची आठवणही राहिली नव्हती.

"खेचून मानूस उठतो गो," परत येताना रिक्षात आजी मला म्हणाल्या, "पन मंग तो बसतो तुज्या डोक्यात. मान देऊन उठवला का मोकला होतो. तो पन, आपून पन."

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा सगळा मजला तो बघायला जमला होता. कोपरखैरण्याला इरफान मुकादम म्हणून एक जण सुटे भाग जोडून मशीन बनवून देत असे. मूळचा श्रीवर्धनकडचा, गोरापान, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. मी मराठी अक्षरजुळणी शिकले होते, तर घरबसल्या लग्नपत्रिका करायच्या असं ठरवलं. स्पीकर, माइक आणि आवाजाचं कार्ड इरफानने हौसेने बसवून दिलं. "भाभी, मल्टिमीडिया आहे. गाना पन भरता येतो," असं त्याने सांगितलं तेव्हा मी हसले होते, कारण पत्रिकेला गाणं कशाला लागतं?

पत्रिकांचं काम जोरात चाललं ते मात्र आजींमुळे. दुपारी त्या वर यायच्या, पाटावर बसायच्या आणि म्हणायच्या, "वाच." मी स्क्रीनवरची पत्रिका मोठ्याने वाचायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच हात वर करायच्या. "याच्यात धाकट्या आत्याचा नाव नाय. रुसल ती, आन मना जायाला लागल उठवाला." गावातल्या प्रत्येक घराची नाती त्यांच्या बोटांवर होती. माझ्याकडून गेलेल्या पत्रिकेवरून कधी रुसवा होत नाही, अशी माझी ख्याती झाली. श्रेय मी एकटीनेच घेतलं. आजींनी मला नाव दिलं पत्रिकावाली.

त्यांची नात वनिता वाशीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची आणि माझ्या मशीनवर सराव करायला यायची. तिचं लग्न करंजाडे गावच्या मुलाशी ठरलं. साखरपुड्यात आजी एवढ्या गायल्या की आवाज बसला. तो बसला तो बसलाच. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेवटी वाशीच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि गाठी काढाव्या लागतील असं सांगितलं. भीतीचं कारण नव्हतं. पण शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि पुढे गाता येईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. लग्न नेमकं त्या मुक्या दिवसांत येत होतं.

आजी गप्प झाल्या, आणि त्या गप्प झालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. अख्ख्या खाडीपट्टीतल्या पोरींना ज्यांनी धवला गाऊन सासरी पाठवलं, त्यांची स्वतःची नात मांडवात बसणार आणि त्यांच्या गळ्यातून सूर निघणार नाही! "बेंडबाजावर लावून टाका तिचा लगीन," एवढंच म्हणाल्या आणि पाठ फिरवून झोपल्या.

वनितानेच मार्ग काढला. "आजी, तुझा आवाज अजून थोडा आहे. दवाखान्यात जायच्या आधी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवू. मांडवात स्पीकरवर लावू. तू समोर बसायचं नुसतं."

आजींना हे पटायला वेळ लागला नाही, पण त्यांच्या अटी होत्या. भिंतीसमोर धवला गायचा नाही, समोर नवरी पाहिजे. खऱ्या नवरीला हळदीआधी पाटावर बसवायची नाही, म्हणून वनिता बाद. उरले मी, एका शाळकरी मुलाची आई. मला हळद लावून, डोक्यावर पदर देऊन पाटावर बसवलं. मशीनलाही हळदकुंकू लावलं, कारण ते मांडवात हजर होतं आणि हजर असलेल्याला वगळायचं नाही. त्या मशीनचं झाकण काढलेलं होतं. नवी मुंबईच्या उकाड्यात त्या काळी झाकण लावलेला कॉम्प्युटर मी कुणाच्या घरी पाहिलाच नाही. अनिल तर त्याच्यावर टेबलफॅन सोडायचा.

पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, वनिताने बटण दाबलं. आजी गायला लागल्या. आवाज फाटत होता, वर चढताना अडत होता, पण त्या थांबल्या नाहीत. देव आले, खाडीवरचे पूर्वज आले, आईबापांचं नाव आलं. मी खोटी नवरी, पण मला माझ्या आईची आठवण येऊन रडू फुटलं. दोनतीनदा मध्ये चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि प्रत्येक वेळी मी तितकीच रडले. शेवटच्या खेपेला धवला कुठेही न अडखळता तडीस गेला. आजींचा चेहरा उजळला. त्यांनी ताटातल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर उचलल्या आणि आधी माझ्यावर, मग मोठ्या प्रेमाने त्या उघड्या मशीनवर टाकल्या.

टप् असा आवाज झाला आणि स्क्रीन काळा पडला.

"आजी!" वनिता किंचाळली. "अजून सेव्ह नव्हतं केलं!"

"आता मना काय म्हाईत?" आजी म्हणाल्या. "अक्षता टाकल्याबिगर लगीन लागतंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. पुन्हा गाण्याइतका आवाज तर त्या संध्याकाळीच उरला नव्हता. जिन्यावरून उतरताना त्यांनी घोगऱ्या कुजबुजीत मला बजावलं, "माजा धवला सांबाल गो पत्रिकावाली. तो हाय त्याच्यात. बसलाय."

इरफान आला. त्याने दात घासायच्या ब्रशने मशीनमधून अक्षता वेचून काढल्या, एकेक दाणा बशीत ठेवला आणि म्हणाला, "भाभी, मशीनमध्ये झुरळ बघितला, पाल बघितली. लगीन पहिल्यांदा बघतोय." मशीन नशिबाने सुरू झालं. फाइल तिथे होती, वनिताने गाणं सुरू व्हायच्या आधीच दिलेल्या नावाने, चांगली धष्टपुष्ट. पण उघडायला गेलं की स्पीकरमधून नुसती चरचर यायची आणि सगळं गोठायचं. बरं, ती एवढी मोठी की डिस्कमध्ये तसूभर जागा उरली नव्हती. माझा पत्रिकांचा प्रोग्रॅम उघडायलासुद्धा तयार होईना.

मी काढण्याच्या इराद्याने नाही, पण निघते का ते तरी बघावं म्हणून डिलीट दाबून पाहिलं. मशीनने उत्तर दिलं की ही फाइल वापरात आहे. कोण वापरतंय? मी तर हातही लावला नव्हता. इरफानने समजावलं, "तो रेकॉर्डिंगवाला प्रोग्रॅम आहे ना, तो मशीन चालू झाली की शेवटचा फाइल आपोआप पकडतो. तो सोडत नाय, हा उठत नाय. डॉसमधून, काळ्या पडद्यावरून काढायला लागेल. काढू?"

"नको," मी म्हणाले. "आधी आतला आवाज वाचतो का बघ."

त्याने खूप खटपट केली. फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचायचे प्रयत्न झाले. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका ओळखीच्याकडे तो डिस्क घेऊन जाऊन आला. प्रत्येक वेळी चरचरच निघाली. इकडे आजी घरी परतल्या, गळ्याला मफलर आणि हातात स्टीलची ताटली व चमचा. बोलायचं नाही म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. चहा हवा असेल तर वेगळा ठोका, सुनेला हाक मारायची तर वेगळा, आणि भाडेकरूंनी जिन्यात चपला पसरल्या तर असा कडकडाट की खालच्या वाण्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकही स्वतःच्या चपला नीट ठेवायचं. डॉक्टरांनी आवाज बंद केला होता, हुकूम कुणाला बंद करता आला नाही.

पण रोज दुपारी त्या वर यायच्या, मशीनकडे बोट दाखवायच्या आणि भुवया उंचावायच्या. मी नकारार्थी मान हलवायची. त्या ताटली मांडीवर उपडी ठेवून थोडा वेळ बसायच्या आणि खाली जायच्या. मला ते बघवत नसे. लग्न जवळ येत चाललं होतं आणि वनिताची पत्रिका अजून झाली नव्हती. दुसऱ्या छापखान्यात करावी असं तिचे वडील म्हणाले तेव्हा आजींनी ताटली एवढ्या जोरात वाजवली की विषयच संपला. पत्रिका याच मशीनवर व्हायची होती आणि धवलाही याच मशीनमध्ये राहायचा होता. दोन्ही मिळून त्या डिस्कमध्ये मावत नव्हते.

शेवटी मी इरफानलाच बोलावलं. आजी वर आल्या. इरफान त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि सरळ म्हणाला, "आजी, तुमाला खोटा नाय सांगनार. आत आवाज राहिला नाय. नुसता नाव राहिलाय, आनि जागा अडवून बसलाय. तुमी सांगाल तर काढतो. तुमी नाय बोललात तर हात नाय लावनार."

आजींनी मशीनवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला थोडं ठाऊक होतं, कारण शेत गेल्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती. बांधावर सगळे जेवायला बसले होते. जीपमधून माणसं टेप घेऊन उतरली आणि म्हणाली, उठा, मोजायचं आहे. "भाकर तोंडात व्हती गो. जेवन पुरा करा, येवरा पन कोन बोलला नाय. जमीन जायाची ती गेली. पैसं पन मिलालं. पन उठवला कसा, ता मी नाय विसरले. आमाला कोनी मानानं उठवला नाय, म्हनून मी कोनाला तसा उठवत नाय." एवढं सांगून त्या कोलंबी सोलायला लागल्या होत्या.

आता त्यांनी हात उचलला आणि वनिताला खूण केली. वनिता खाली पळाली आणि तबक घेऊन आली. विडा, सुपारी, नारळ, हळदकुंकू. कुंकवाची वाटी दिसताच इरफान दोन्ही हात पसरून मशीनवर ओणवा झाला. "आजी, लांबून! अल्ला कसम, लांबून!" आजी हसल्या. आवाज न करता, खांदे हलवून हसल्या. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. त्यांनी मॉनिटरसमोर विडा मांडला, सुपारी ठेवली, हात जोडले आणि त्या मामासमोर बसल्या होत्या तशा बसून राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि इरफानकडे पाहून होकारार्थी मान डोलावली.

इरफानने मशीन बंद करून काळ्या पडद्यावर सुरू केलं, दोन शब्द टाइप केले आणि बटण दाबलं. फाइल गेली. एकही तक्रार न करता, पहिल्या झटक्यात गेली. डिस्क मोकळी झाली.

आजींनी चमचा उचलला आणि ताटलीवर असा काही वाजवला की जणू मामा खांब सोडून उठला होता. "आजी, तो डॉसमधून..." इरफान सांगू लागला. आजींनी विड्याकडे बोट दाखवलं. "हो, पन कमांड मी..." त्यांनी पुन्हा विड्याकडे बोट दाखवलं. इरफानने हात टेकले आणि विडा खाऊन टाकला. पुढे गावठाणातल्या घरी मशीन दुरुस्त करायला गेला की तो आधी पान-सुपारी मागायचा, असं माझ्या कानावर आलं. मी विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईक शांत राहतो, भाभी. आनि सच बोलू? मशीन पन."

त्याच दुपारी मी वनिताची पत्रिका केली आणि वाचून दाखवली. आत्या, मावश्या, काका, करंजाड्याचे सगळे, कुणी सुटलं नव्हतं. तरी आजींचा हात वर झाला. त्यांनी माझ्या छातीवर बोट टेकवलं, मग आपल्या गळ्यावर, मग स्क्रीनवर. मला काही उमगेना. वनिता मात्र हसत सुटली. "ती म्हणते, धवलारीण म्हणून तुझं नाव टाक."

"माझं? आजी, मी साताऱ्याची! मला आरतीसुद्धा सुरात येत नाही!"

ताटली वाजली. मी नाव टाकलं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. रेकॉर्डिंगच्या वेळी पाटावर बसून मी तो धवला इतक्यांदा ऐकला होता की अर्धा मला न कळत पाठ झाला होता. उरलेला आजींच्या ओठांवरून घ्यायचा. त्या आवाज न काढता एकेक ओळ हलवायच्या, मी गायची, चुकलं की चमचा. माझं ऐकून आजींची सून आली, शेजारच्या दोघी आल्या, परभणीकडची एक भाडेकरीण आली. माझा सूर त्यांना सोसवेना म्हणून आल्या असाव्यात, पण आल्या. वनिताला त्या वेळी बाहेर काढत, आमचा सूर तिने मांडवातच ऐकावा म्हणून.

लग्नात आम्ही सगळ्या मांडवात बसलो आणि आमच्यासमोर जमनाआजी, जरीचं लुगडं नेसून, अबोली माळून. त्या ओठ हलवत होत्या आणि आम्ही गात होतो. ओठ त्यांचे आणि आवाज आमचा. मी पहिल्या ओळीला घाबरून वर सूर लावला, तर त्यांनी तळहात खाली करून मला खाली आणलं. वनिता आमच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर आजींच्या ओठांवर होती, आणि तिला जे ऐकू येत होतं ते आमच्या घशातलं नक्कीच नव्हतं. करंजाड्याच्या एका म्हाताऱ्या बाईने मला नंतर विचारलं, "तू कंच्या गावची गो धवलारीन?" मी अभिमानाने रबाळं सांगितलं.

आजींचा आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. बारीक झाला, खाली उतरला. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली त्या दिवशी त्या सरळ आमचा जिना चढून वर आल्या. मला वाटलं, इतक्या दिवसांचं साठलेलं आता माझ्यावर रितं होणार. त्या पाटावर बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "चालू कर ती. तवा अर्धा रायला. आता पुरा करू."

मी मशीनचं झाकण लावलं. खिडक्या लावल्या. या वेळी त्यांनी मला नवरी केलं नाही. डोळे मिटून, त्या बारीक झालेल्या आवाजात, न थांबता सगळा धवला गायला. तो पहिल्यापेक्षा चांगला होता असं मी म्हणणार नाही. पण तो पूर्ण होता, आणि सेव्ह झाला.

पुढे आम्ही स्वतःच्या जागेत गेलो. मशीनं बदलली, पण प्रत्येक नव्या मशीनमध्ये मी सगळ्यात आधी ती फाइल ठेवत आले. जमनाआजी गेल्या त्या दुपारच्या झोपेतच, कुणालाही न उठवता. त्यांच्या सुनेने मला फोनवर सांगितलं ते ऐकून मला रडू आलं आणि हसूही आलं. त्यांना हवं होतं तसंच झालं होतं. त्या आपणहून उठल्या होत्या.

मागच्या वर्षी वनिताच्या मुलीचं लग्न करंजाड्याला हॉलमध्ये झालं. डीजेवाला मुलगा लॅपटॉप मांडून बसला होता. वनिताने त्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला आणि त्याच्यासमोर पानाचा विडा ठेवला. "हे काय?" त्याने विचारलं. "राहू दे तिथंच," वनिता म्हणाली.

हॉलभर जमनाआजींचा तो बारीक आवाज पसरला. गोंधळ कमी होत गेला. जुन्या बायका ओठ हलवू लागल्या, मीही हलवू लागले. धवला संपला तसा त्या मुलाने पुढचं गाणं लावायला हात उचलला. वनिताने तो धरला. "थांब. अजून आहे."

स्पीकरमधून आजींचा दम लागलेला आवाज आला, "झाला काय गो? सांबालला का समदा?" मग माझा आवाज, तेव्हाचा, तरणा, "झालं, आजी. सेव्ह करतेय."

"बघ हं. मंग टाकू?"

"टाका," स्पीकरमधली मी म्हणाले, आणि अख्ख्या हॉलने अक्षता टाकल्या. लॅपटॉपवर वनिताने आधीच पदर धरला होता.